वाचकांचे प्रश्न : रशिया-अमेरिकेचं भांडण मिटलं कसं?

नमस्कार मंडळी. गेल्या अंकात डिसेंबर १९६१ विषयी लिहिलं होतं, म्हणजे भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा तिकडे न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत काय चाललं होतं ते. पोर्तुगाल नाटोतला, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटातला, त्यामुळे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स सगळे त्याच्या बाजूने. लढाई थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला, बाजूने ७ मतं पडली, विरोधात ४, आणि त्या चारातलं एक मत सोव्हिएत युनियनचा नकाराधिकार होतं म्हणून ठराव पडला. एवढंच लिहिलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सॅप मेसेज मिळून इतके आले की निम्मे अजून वाचून व्हायचेत. बहुतेकांचं म्हणणं एकच, की सर रशिया-अमेरिकेचं हे भांडण, म्हणजे शीतयुद्ध, सुरू कसं झालं ते सगळे सांगतात, मिटलं कसं ते कोणी धड सांगत नाही. शाळेत ३० वर्षं इतिहास शिकवला पण हा धडा नेहमी मार्चमध्ये यायचा आणि पोर्शन संपवायच्या घाईत दोन पिरियडमध्ये उरकावा लागायचा, त्याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून ह्या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय.

म्हापशाहून एक निवृत्त बँक कर्मचारी विचारतात : आमच्या सकाळच्या चहाच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद झाला. एक जण म्हणतो, अमेरिकेच्या अध्यक्ष रेगनने शस्त्रांवर एवढा पैसा ओतला की त्याच्यामागे धावता धावता रशियाचं दिवाळं निघालं, अमेरिका जिंकली, विषय संपला. दुसरा म्हणतो गोर्बाचेव्हने देश विकला. खरं काय?

भाऊ, पैशाचा मुद्दा खोटा नाही, आधी तेवढं मान्य करू. सोव्हिएत युनियनची तिजोरी तेलावर चालायची आणि १९८६ साली तेलाचे भाव निम्म्याच्याही खाली आले. त्याच वर्षी २६ एप्रिलला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. अफगाणिस्तानात १९७९ पासून सैन्य अडकलेलं, तिथे शेवटी १४ हजारांवर सोव्हिएत सैनिक गेले आणि अफगाण माणसं किती गेली ती तर लाखांत. दुकानांपुढे रांगा. वर बसलेले नेते म्हातारे आणि आजारी, ब्रेझनेव्ह नोव्हेंबर ८२ ला गेले, आंद्रोपोव्ह फेब्रुवारी ८४ ला, चेर्नेन्को मार्च ८५ ला, म्हणजे अडीच वर्षांत तीन अंत्ययात्रा. मग ५४ वर्षांचे मिखाइल गोर्बाचेव्ह आले.

पण पैसा संपला म्हणून भांडण मिटतं हे मला पटत नाही. आपल्याकडेच बघा ना, कुळागराच्या हद्दीवरून दोन भावांची केस कोर्टात पडलेली असते, घराची कौलं गळत असतात, तरी वकिलाची फी वेळेवर जाते. उत्तर कोरियात १९९० च्या दशकात भयंकर उपासमार झाली आणि त्याच देशाने २००६ ला अणुचाचणी केली. कंगाल झालेला माणूस नमतं घेईलच असं नाही, तो जास्त चवताळूही शकतो, आणि इथे तर चवताळणाऱ्याकडे हजारो अणुबॉम्ब होते. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की एवढी ताकद हातात असताना त्यांनी ती वापरली का नाही.

ह्यासाठी १९८३ पासून सुरुवात करावी लागते, कारण त्या वर्षी दोन्ही बाजू कड्याच्या अगदी टोकावर होत्या. मार्चमध्ये रेगननी सोव्हिएत युनियनला दुष्ट साम्राज्य म्हटलं आणि त्याच महिन्यात अवकाशातून क्षेपणास्त्रं पाडायची योजना जाहीर केली. १ सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं गेली. आणि त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी, २६ सप्टेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, मॉस्कोच्या दक्षिणेला एका बंकरमध्ये स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा अधिकारी ड्युटीवर होता आणि त्याच्यासमोरच्या पडद्यावर लाल अक्षरं पेटली की अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलंय. भोंगा वाजतोय. मग दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. वर कळवायचं की नाही हे त्याला काही मिनिटांत ठरवायचं होतं. त्याने विचार केला की खरंच युद्ध सुरू करायचं असेल तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, शिवाय ही उपग्रहाची यंत्रणा नवीन आहे, जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नाही. त्याने फोनवर सांगितलं, खोटा इशारा आहे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात इंटरकॉम, आणि खात्री कसलीच नाही. नंतर कळलं, उंचावरच्या ढगांवर पडलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्राची ज्वाला वाटलं होतं. भाऊ, हे वाक्य लिहिताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. मी तेव्हा तरुण होतो, फोंड्याला नोकरीला नुकता लागलेलो, आणि त्या रात्री आपण सगळे शांत झोपलेलो.

रेगनना पेत्रोव्हची गोष्ट तेव्हा माहीत नव्हती, पण त्याच शरद ऋतूत नाटोच्या एका युद्धसरावाने सोव्हिएत बाजू खरोखर घाबरली होती, काही विमानं सज्ज ठेवली गेली होती, हे त्यांच्या कानावर नंतर आलं आणि समोरचा आपल्याला खरंच घाबरतो हे कळून त्यांना धक्का बसला. चुकून युद्ध पेटेल ही भीती त्यांच्याही मनात होतीच. जानेवारी ८४ च्या भाषणात त्यांचा सूर बदललेला दिसतो. आणि तिकडून गोर्बाचेव्ह आले. नोव्हेंबर ८५ मध्ये जिनिव्हाला दोघं पहिल्यांदा भेटले आणि संयुक्त निवेदनात लिहिलं की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढू नये. वाचायला साधं वाटतं, पण तोवर दोन्हीकडचे सेनापती अणुयुद्ध जिंकायचेच प्लॅन करत होते.

ऑक्टोबर ८६ ला आइसलँडमध्ये, रेक्याविकला समुद्राकाठच्या एका छोट्या पांढऱ्या घरात दोघं पुन्हा बसले आणि दोन दिवसांत बोलता बोलता सगळीच अण्वस्त्रं नष्ट करण्यापर्यंत गेले. सोबतच्या अधिकाऱ्यांना घाम फुटला. अडलं कुठे तर अवकाशातल्या त्या योजनेचे प्रयोग फक्त प्रयोगशाळेतच करायचे की बाहेरही, ह्या एका शब्दावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडल्यावर दोघं बाहेर आले तेव्हाचे त्यांचे पडलेले चेहरे फोटोत आहेत. सगळ्यांनी लिहिलं, फसली भेट. पण समोरचा कुठपर्यंत यायला तयार आहे हे दोघांनाही कळलं होतं, आणि १४ महिन्यांनी, ८ डिसेंबर १९८७ ला, वॉशिंग्टनला मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरची सगळी क्षेपणास्त्रं मोडायची. कमी करायची नाहीत, मोडायची. एकूण २,६९२ मोडली, त्यात सोव्हिएत १,८४६ आणि अमेरिकेची ८४६. देश विकला म्हणणारे तुमचे मित्र हाच आकडा दाखवतील, त्यांना सांगा की ह्यातली अमेरिकन क्षेपणास्त्रं पश्चिम जर्मनीतून काही मिनिटांत सोव्हिएत हद्दीत पोचायची, गोर्बाचेव्हनी ती दारातून हटवून घेतली, हा घाट्याचा सौदा म्हणता येत नाही.

ह्या करारातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. रेगन एक रशियन म्हण सारखी बोलून दाखवायचे, विश्वास ठेव पण तपासून बघ. गोर्बाचेव्ह वैतागून म्हणाले की तुम्ही हे दर वेळी म्हणता. पण तपासणं खरोखर झालं. उरल पर्वताजवळ वोत्किन्स्क नावाचं गाव आहे, संगीतकार चायकोव्हस्कीचं जन्मगाव, तिथे क्षेपणास्त्रांचा कारखाना, आणि परक्या माणसाला त्या गावात पाय ठेवायची बंदी. त्या कारखान्याच्या गेटबाहेर १९८८ पासून ३० पर्यंत अमेरिकन माणसं राहायला आली आणि पुढची १३ वर्षं गेटमधून बाहेर पडणारी मोठी गाडी म्हणजे आत काय आहे ते बघायची, रेल्वेचे डबे सुद्धा. बंदी घातलेल्या एका क्षेपणास्त्राचा भाग आणि परवानगी असलेल्या दुसऱ्याचा भाग बाहेरून जवळजवळ सारखे दिसायचे, म्हणून तिथे डब्याचा एक्सरे काढायचं मशीन बसवलं, आपल्या एअरपोर्टवर बॅगा जातात तसं, फक्त अवाढव्य. तसेच सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्ना गावच्या कारखान्याबाहेर. आपल्या हद्दीच्या भांडणात सर्व्हेवाला येतो तेव्हा दोन्ही भाऊ त्याच्या साखळीची टोकं धरून उभे राहतात ना, तसं. तिथेच अर्धं भांडण मिटतं, कारण मग दगड हलवला का म्हणून रात्री कोणी जागत बसत नाही.

आणि मग १९८९. मला विचाराल तर भांडण खरं मिटलं ते इथे. पूर्व जर्मनीत साडेतीन लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक होते, रणगाड्यांसकट. १९५६ ला हंगेरीत आणि १९६८ ला प्रागमध्ये असेच रणगाडे रस्त्यावर उतरले होते. गोर्बाचेव्हनी डिसेंबर ८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत उभं राहून सांगितलं की ५ लाख सैन्य कमी करतो आणि कुठली व्यवस्था हवी ते प्रत्येक देशाने ठरवावं. बोलणं सोपं असतं, पण ४ जून ८९ ला पोलंडमध्ये निवडणूक झाली, जिथे लढायला मोकळीक होती तिथे सॉलिडॅरिटी ह्या कामगार संघटनेने जवळपास सगळ्या जागा जिंकल्या, सिनेटमध्ये तर १०० पैकी ९९, आणि रणगाडे आले नाहीत. त्याच दिवशी बीजिंगमध्ये निदर्शकांवर आले होते. म्हणजे दुसरा रस्ता होता, समोर दिसत होता, आणि तो घेतला नाही.

९ नोव्हेंबरची बर्लिनची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या शाबोव्स्की नावाच्या पुढाऱ्याने प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवले, कोणीतरी विचारलं कधीपासून, त्याने कागद चाळले आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, तात्काळ. ते नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते. लोक टीव्हीवर ऐकून शहराचे दोन भाग करणाऱ्या भिंतीकडे निघाले. बोर्नहोल्मर स्ट्रासेच्या नाक्यावर हॅराल्ड येगर हा अधिकारी होता, जन्मभर तीच नोकरी केलेला. समोर हजारो माणसं, गेट उघडा म्हणतायत, वरिष्ठांना फोनवर फोन लावतोय आणि कोणी नीट हुकूम देत नाही. गोळी चालवायची की फाटक उघडायचं. रात्री साडेअकराच्या सुमाराला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडलं. पेत्रोव्ह असो की येगर, दोघंही सरकारी नोकर, दोघांकडे नियमाचं पुस्तक होतं, आणि वेळ आली तेव्हा दोघांनी माणसाची बुद्धी वापरली.

सगळं रक्ताविना झालं असं मात्र कोणी सांगू नये. एप्रिल ८९ मध्ये जॉर्जियात तिबिलिसीला, जानेवारी ९० मध्ये अझरबैजानात बाकूला, जानेवारी ९१ मध्ये लिथुआनियात विल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत सैनिकांनी माणसं मारली, आणि तेव्हा गादीवर गोर्बाचेव्हच होते. तो डाग आहे आणि तो पुसू नये. तरी सगळं धरूनही मी तुमच्या ग्रुपला सांगेन की जिंकलं कोण हा हिशेब इथे लागत नाही. एकाने दोरी सोडली, दुसऱ्याने ती संधी साधून गळा आवळला नाही, म्हणून ते मिटलं.

वास्कोहून एक ताई विचारतात : माझे बाबा दाबोळीच्या तळावर कामाला होते. ते सांगायचे की ही विमानं रशियाची. ह्या सगळ्या प्रकरणात गोव्याचा काही संबंध होता का?

ताई, तुमच्या बाबांनी बरोबर सांगितलं. दाबोळीच्या हंसा ह्या नौदल तळावर १९७७ पासून सोव्हिएत बनावटीची इल्युशिन ३८ विमानं होती, पाणबुड्या शोधणारी, आणि १९८८ ला तुपोलेव्ह १४२ ही त्याहून अवाढव्य विमानंही पहिल्यांदा इथेच उतरली, नंतर ती तामिळनाडूला अरक्कोणमला गेली. मार्च २०२२ मध्ये त्याच हंसा तळावर अमेरिकन बनावटीच्या पी-८ आय विमानांचा ताफा दाखल झाला. इल्युशिन निवृत्त झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे दीड वर्षभर ती दोन्ही एकाच धावपट्टीवरून उडत होती. एकाच्या घराण्याचं काम अमेरिकन पाणबुड्या शोधणं, दुसऱ्याच्या घराण्याचं रशियन, आणि आपल्या दाबोळीत दोघांना एकच नौदल तेलपाणी करत होतं. तुमच्या बाबांना हे बघायला मिळालं असेल अशी आशा करतो.

दुसरा संबंध लोक विसरलेत. नोव्हेंबर १९८३, म्हणजे वर सांगितलेलं तेच भयंकर वर्ष, राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद दिल्लीला भरली आणि मधले दिवस सगळे गोव्यात आले. यजमान इंदिरा गांधी, पाहुण्यांमध्ये ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर, कॅनडाचे पिएर त्रुदो. सिंकेरीला आग्वादच्या टेकडीवरचे ते बंगले ह्याच परिषदेसाठी बांधले. गोवा तेव्हा राज्यही नव्हतं, केंद्रशासित होतं. आणि इथूनच आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचं गोवा जाहीरनामा म्हणून निवेदन निघालं, की दोन लष्करी गटांमधले संबंध धोक्याच्या वळणावर आलेत, त्यांनी पुन्हा बोलायला सुरुवात करावी. ह्या एका कागदाने काही झालं असा दावा मी करणार नाही. पण पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये गोर्बाचेव्ह लंडनला गेले, अजून सर्वोच्च नेते व्हायचे होते, तेव्हा ह्याच थॅचरबाई म्हणाल्या की ह्या माणसाशी व्यवहार होऊ शकतो, आणि रेगननाही तेच सांगितलं. कळंगुट-कांदोळीच्या रस्त्याने जाताना मला त्या टेकडीकडे बघून हे आठवतं.

साखळीहून एक आई विचारतात : मुलगी म्हणते शीतयुद्ध १९८९ ला संपलं, गाइडमध्ये १९९१ दिलंय. पेपरात काय लिहायचं?

बाई, पेपरात गाइडमधलं लिहू दे, मार्क जायला नकोत. पण तुमची मुलगी विचार करतेय आणि तिचं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. इथे दोन वेगळ्या घटना एकत्र गुंडाळल्या जातात. शीतयुद्ध संपणं एक, आणि सोव्हिएत युनियन फुटणं दुसरं.

डिसेंबर ८९ च्या सुरुवातीला माल्टाच्या बंदरात गोर्बाचेव्ह आणि अमेरिकेचे नवे अध्यक्ष थोरले बुश भेटले, समुद्र इतका खवळलेला की काही बैठका रद्द कराव्या लागल्या, आणि तिथे दोघांनी नवं पर्व सुरू झाल्याचं सांगितलं. ३ ऑक्टोबर ९० ला जर्मनी एक झाला, गोर्बाचेव्हच्या संमतीने. जुलै ९१ मध्ये लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रकपातीचा करार. तेव्हा भांडण उरलंच नव्हतं, दोघं एकाच टेबलावर होते. इतकंच नाही, १ ऑगस्ट ९१ ला बुशनी कीव्हमध्ये जाऊन आत्मघातकी राष्ट्रवादापासून सावध राहा असं भाषण केलं, म्हणजे अमेरिकेला सुद्धा तो देश फुटायला नको होता, एवढी अण्वस्त्रं कोणाच्या हाती पडतील ही धास्ती. देश फुटला तो आतून. ऑगस्टमध्ये कट्टरपंथीयांनी बंड केलं, तीन दिवसांत फसलं, आणि त्यानंतर गोर्बाचेव्हकडे काही राहिलं नाही. १ डिसेंबरला युक्रेनने ९० टक्क्यांहून जास्त मतांनी स्वातंत्र्य निवडलं.

२५ डिसेंबर ९१ ला संध्याकाळी ते टीव्हीवर राजीनाम्याचं भाषण करायला बसले. सही करायला पेन घेतलं तर ते नीट चालेना. समोर अमेरिकन सीएनएन चॅनलचे प्रमुख चित्रीकरणासाठी उभे होते, त्यांनी स्वतःचं पेन दिलं. भाषण झालं आणि थोड्याच वेळात क्रेमलिनवरचा लाल झेंडा खाली आला, अण्वस्त्रांच्या संकेतांची पेटी रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन ह्यांच्याकडे गेली. आपल्याकडे रात्र झाली होती. शेजारच्या घरून नाताळाचं ताट आलं होतं, दोदोल, नेवऱ्या, बेबिंका, दारात चांदणी लावलेली. सकाळी रेडिओच्या बातम्यांत ऐकलं आणि माझ्या वडिलांनी आवाज मोठा करायला सांगितला. ते १९६१ पाहिलेले. रशियाने आपल्यासाठी मत दिलं होतं, एवढंच बोलले आणि बराच वेळ गप्प बसले. मुलीला हे सांगा, पेपरात लिहायला नव्हे, असंच.

मोरजीहून एक भाऊ विचारतात : माझं छोटं गेस्ट हाऊस आहे. दर सीझनला एक रशियन बाई येतात आणि एक युक्रेनियन बाई. पूर्वी एकत्र नाश्ता करायच्या, आता एक उठून गेल्याशिवाय दुसरी खाली येत नाही. भांडण मिटलं होतं तर हे काय?

भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. मिटलं होतं ते मॉस्को आणि वॉशिंग्टनमधलं. मधल्या घरांचं काय, ह्याची पक्की व्यवस्था त्या वेळी लावली गेली नाही. सोव्हिएत युनियन फुटला तेव्हा युक्रेनच्या जमिनीवर १,९०० च्या आसपास लांब पल्ल्याची अण्वस्त्रं होती, जगात तिसरा नंबर. ५ डिसेंबर ९४ ला बुडापेस्टला रशिया, अमेरिका, ब्रिटन ह्या तिघांनी तुमच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं आणि युक्रेनने ती सगळी देऊन टाकली. लिहून दिलं, पण कोणी मोडलं तर पुढे काय हे त्या कागदात नव्हतं. पुढे नाटो पूर्वेकडे वाढत गेली, रशियात त्याचा राग साठत गेला, आणि २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावला, २४ फेब्रुवारी २०२२ ला उघड युद्ध. राग समजून घेता येतो, पण शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालणं मला कुठल्याच बाजूने समर्थनीय वाटत नाही. वोत्किन्स्कचे निरीक्षक २००१ ला घरी गेले होते, तो ८७ चा करारही ऑगस्ट २०१९ ला संपला. दोघांमधला अण्वस्त्रांचा शेवटचा मोठा करार होता त्याची मुदतच फेब्रुवारी २०२६ पर्यंत होती.

त्या दोघींना इतिहास सांगायला जाऊ नका. नाश्ता दोघींना सारखाच द्या.

काणकोणहून बारावीचा एक विद्यार्थी विचारतो : सर, एवढे बॉम्ब बनवले होते ते गेले कुठे?

बाळा, ह्या सगळ्या पत्रांत तुझाच प्रश्न मला जास्त आवडला. १९८६ साली जगात सगळ्यांचे मिळून ७० हजारांच्या आसपास अणुबॉम्ब होते, आज १२ हजारांच्या आसपास. राहिलेले सुद्धा सगळं संपवायला पुरेसे आहेत ते विसरू नकोस. पण गेलेल्यांचं सांगतो.

विमानं कापली. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात बी-५२ बॉम्बफेकी विमानं ओळीने उभी केली, क्रेनला सुमारे ६ टनांचं पातं टांगलं आणि उंचावरून सोडून एकेकाचे तुकडे केले. आणि ते तुकडे महिनोन्महिने तसेच उघड्यावर ठेवले, का, तर सोव्हिएत उपग्रहांना वरून दिसावं म्हणून.

बॉम्बच्या आतल्या युरेनियमचं काय करायचं हा खरा पेच होता, कारण १९९१ नंतर रशियात पगार होत नव्हते आणि ते चोरीला जाईल ही सगळ्यांना भीती. थॉमस नेफ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ऑक्टोबर ९१ मध्ये एका वर्तमानपत्रात लेख लिहिला, की हे अमेरिकेने विकत घ्यावं आणि वीज करावी. १९९३ ला दोन्ही सरकारांचा तसा करार झाला. बॉम्बमधलं युरेनियम ९० टक्के शुद्ध असतं, वीज करायला ५ टक्क्यांच्या आतलं लागतं. म्हणजे कोकमाचं आगळ असतं ना घरी, ते नुसतं तोंडाला लावता येत नाही, पण नारळाच्या रसात थोडंसं घातलं की सोलकढी, तसंच हे. रशियातल्या कारखान्यांत धातूचा कीस काढायचे, तो भाजून त्याची पूड, पुडीपासून वायू, आणि त्यात कमी शुद्धतेच्या युरेनियमचा वायू मिसळायचा. मग ते टाक्यांत भरून सेंट पीटर्सबर्गच्या बंदरातून जहाजाने अमेरिकेला. २० वर्षांत ५०० टन, म्हणजे २० हजार बॉम्बच्या डोक्यातला माल, आणि त्या काळात अमेरिकेतल्या एकूण विजेपैकी जवळपास १० टक्के ह्यातून यायची. तिथल्या घरांत फ्रिज चालत होते, पोरं दिव्याखाली अभ्यास करत होती, आणि ती वीज ज्या धातूतून येत होती तो एकेकाळी त्यांच्याच शहरांवर रोखलेला होता.

शेवटची खेप नोव्हेंबर २०१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून निघाली आणि डिसेंबरमध्ये अटलांटिक ओलांडून बाल्टिमोरच्या धक्क्याला लागली. जहाजाचं नाव होतं अटलांटिक नॅव्हिगेटर.